मूल चार दिवस नीट खातं-खेळतं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या: बिघाड कुठे शोधायचा?

ही अडचण बहुतेक घरांत सारख्याच चालीने येते. एक दिवस आई-बाबा ठरवतात, आता पुरे झालं. बिस्किटं बंद, जेवताना टीव्ही बंद, ताटात रोज भाजी आणि संध्याकाळी तासभर खेळ. सुरुवातीचे काही दिवस सगळेच जोशात असतात. मग एका संध्याकाळी घरातलं प्रत्येक जण दमलेलं असतं, मूल ताटापुढे तोंड वाकडं करून बसतं, कुणीतरी ‘आजचा दिवस जाऊ दे’ म्हणत मोबाइल पुढे सरकवतं, आणि बघता बघता पहिले पाढे पंचावन्न. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच निश्चय आणि पुन्हा तोच शेवट.

भांडण जेवताना होतं, म्हणून आपण सगळा जोर जेवणावर लावतो. भाजी बदलून बघतो, गोष्ट सांगून बघतो, रागावून बघतो. पण मूल ताटावर येऊन बसतं तेव्हा निकाल बराचसा आधीच लागलेला असतो. आधीच्या तीन तासांत पोटात काय गेलं, अंग किती हललं आणि आदल्या रात्री झोप किती झाली, यावर तो ठरतो. म्हणून खाली तपासण्याचा जो क्रम दिला आहे तो मुद्दाम ताटापासून लांब सुरू होतो.

आधी बघा, खरंच काही बिघडलंय का?

‘काहीच खात नाही’ ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते ती दोन ते पाच वर्षांच्या मुलांबद्दल. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वजनाच्या जवळपास तिप्पट होतं. दोन वर्षांनंतर मात्र वयात येईपर्यंत ते वर्षाला साधारण दोन-तीन किलोनेच वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते, आणि आपल्या डोळ्यांसमोर मात्र बाळपणीचं वाटीभर खाणं असतं. याच वयात नव्या पदार्थाला नाही म्हणण्याची वृत्तीही जोरात असते. कालपर्यंत आवडणारं गाजर आज ‘यक्’ होतं. यात मुलाचा हट्टीपणा नाही आणि तुमचं काही चुकलेलंही नाही.

त्यामुळे हिशोब एका जेवणाचा किंवा एका दिवसाचा करू नका, आठवड्याचा करा. आज चार घास खाणारं मूल परवा दोनदा मागून घेतं. मुलं आठवड्याच्या हिशोबात आपलं आपण बरंच सावरून घेतात.

डॉक्टरांकडे वाढीचा तक्ता असतो. मुलाची रेघ तिच्या नेहमीच्या वाटेने वर जात असेल तर पुढचं सगळं घरात सुटण्यासारखं आहे. पण वजन घटत असेल, रेघ खाली घसरत असेल, मूल सतत मलूल किंवा फिकट दिसत असेल, माती-खडू खात असेल, गिळताना अडकत असेल, वारंवार उलटी होत असेल, किंवा खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांची यादी महिन्यागणिक आखडत चालली असेल, तर घरगुती प्रयोग थांबवा आणि मुलाला दाखवून या. लोह कमी असणं, जंत होणं, जुनी बद्धकोष्ठता यांनी भूक मरते. त्यातही बद्धकोष्ठतेकडे हमखास दुर्लक्ष होतं. ज्या मुलाला दोन-तीन दिवस शौचाला झालेलं नाही, ते पोटभर जेवेल ही अपेक्षाच चूक. काही मुलांना पदार्थाचा वास, पोत, चिकटपणा खरोखर असह्य होतो. खाण्याच्या अशा तीव्र टाळाटाळीला २०१३ पासून वैद्यकशास्त्रात स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळालेली आहे. तिथे शिस्तीचा काही उपयोग नसतो, तज्ज्ञांची मदत लागते.

तीन दिवस सगळं लिहून काढा

आता मुख्य तपासणी. तीन दिवस मुलाच्या तोंडात जे जे जाईल ते वेळेसकट कागदावर लिहा. काहीही बदलू नका, फक्त लिहा. ‘जरासंच तर दिलं’ म्हणून सुटून जाणाऱ्या गोष्टीच नेमक्या महत्त्वाच्या असतात, त्यामुळे त्या सोडू नका.

समजा चार वर्षांच्या मुलीचा कागद असा दिसतो. साडेसातला कपभर दूध, त्यात चवीची पावडर. सव्वाआठला नाश्त्याचे दोन घास, ‘भूक नाही’. साडेनऊला रडली म्हणून दोन बिस्किटं. अकराला डब्यातला फळांचा रस. बाराला आजोबा स्वतः खात होते त्यातलं थोडंसं. साडेबाराला जेवण, तीन घास, रडारड. एकला ‘उपाशी कशी झोपणार’ म्हणून आणखी एक कप दूध. या मुलीने दिवसभर खाल्लेलंच आहे, फक्त जेवणाच्या वेळी खाल्लेलं नाही. तिच्या पोटात कावळे ओरडायला दिवसभरात एकदाही सवड मिळालेली नाही. अशा मुलीपुढे जगातली सर्वांत चविष्ट भाजी ठेवली तरी ती तोंड फिरवणारच.

दुधाबद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो, कारण दूध कितीही दिलं तरी चांगलंच असं आपण धरून चालतो. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर दूध पुरतं. त्याच्या वर गेलं की पोट दुधानेच भरतं. गाई-म्हशीच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच, शिवाय त्यातलं कॅल्शियम इतर अन्नातलं लोह शोषून घेण्यात आड येतं. मग लोह कमी, म्हणून भूक कमी, म्हणून जेवण कमी, म्हणून काळजीपोटी आणखी दूध. हे चक्र कागदावर उतरलं की लगेच डोळ्यांत भरतं.

रसाचंही तसंच आहे. २०० मिलिलिटर फळांच्या रसात साधारण २० ग्रॅम, म्हणजे पाच चहाचे चमचे साखर असते, वरून घातलेली नसली तरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशी मोकळी साखर दिवसभराच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगलं. रोज १४०० उष्मांक लागणाऱ्या मुलासाठी ५ टक्के म्हणजे जेमतेम १७-१८ ग्रॅम. एका रसाच्या डब्यातच ते संपतात. फळ हातात द्या, ते चावून खाऊ दे. तहानेला पाणी.

यावरचा उपाय ऐकायला अगदी साधा आहे: खाण्याच्या वेळा ठरवा. तीन जेवणं आणि मधली एक-दोन खाणी, दोन खाण्यांमध्ये अडीच ते तीन तास, आणि त्या मधल्या वेळेत फक्त पाणी. मधलं खाणं म्हणजे खाऊ नव्हे, तेही छोटं जेवणच: फळ, दही, उकडलेलं अंडं, कडधान्य, असं काहीतरी. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे टणक तुकडे देऊ नका. ते घशात अडकू शकतात. दाणे कुटून, द्राक्षं उभी चिरून, गाजर वाफवून किंवा किसून द्या.

पहिले काही दिवस जड जातात आणि बहुतेक घरं इथेच माघार घेतात. मूल वीस मिनिटांनी येऊन बिस्किट मागेल. ‘नाही म्हणजे नाही’ म्हटलं की युद्ध सुरू होतं. त्यापेक्षा ‘तुला भूक लागलीय ना, चार वाजता खायचंय आपल्याला, तोवर पाणी पी आणि चल, मला कपडे वाळत घालायला मदत कर’ असं सांगा. मुलाला घड्याळ कळत नसेल तर ‘हे काम झालं की खायचं’ असं सांगा. आणि ज्या वस्तूला सतत नाही म्हणावं लागतं ती घरातच कमी आणा. डोळ्यांसमोरच्या डब्याशी रोज लढण्याची ताकद मोठ्यांतही नसते.

ताटावर: ‘अजून एकच घास’

वेळा बसल्या की निम्म्या घरांत ताटावरची कुरबुर आपोआप उतरते. उरलेल्या घरांत कारण आपल्याच तोंडात असतं. एका जेवणाच्या वेळी आपण काय काय बोलतो ते एकदा ऐकून बघा. ‘खा ना.’ ‘एक घास बाबांचा.’ ‘बघ ताईने संपवलं.’ ‘भाजी खाल्लीस तर चॉकलेट.’ ‘शक्ती कशी येणार?’ मुलाच्या जागी बसून हे सगळं वीस मिनिटं ऐकलं तर आपल्याही घशाखाली घास उतरायचा नाही.

मायेपोटी केलेला आग्रह उलटा पडतो, हे प्रयोगांतही दिसलं आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बालवाडीच्या वयाच्या मुलांना दोन प्रकारचं सूप दिलं. एका सुपाच्या वेळी ‘संपव’ असं सांगत राहायचं, दुसऱ्याच्या वेळी काही बोलायचं नाही. ज्याचा आग्रह झाला नाही ते सूप मुलांनी जास्त घेतलं, आणि नावं ठेवली ती आग्रहाच्या सुपाला. मानसशास्त्रज्ञ लीअ‍ॅन बर्च यांनी १९८४ मध्ये आमिषाचं गणित तपासलं होतं. एखादं पेय प्यायल्याबद्दल मुलांना बक्षीस दिलं, तर त्या पेयाची आवड पुढे वाढण्याऐवजी घटली. मुलाचा तर्क सरळ आहे: ज्यासाठी लाच द्यावी लागते ती वस्तू वाईटच असणार. ‘भाजीवर चॉकलेट’ या सौद्यात भाजी शिक्षा ठरते आणि चॉकलेटचा भाव चढतो.

यातून बाहेर यायला सर्वांत उपयोगी पडणारी वाटणी एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी मांडली आहे. काय वाढायचं, केव्हा आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. ऐकताना ही सूट वाटते, पण नीट बघा, मुलाच्या हातात फक्त समोर आलेल्या अन्नाचं प्रमाण उरतं. वेगळं काही करून मागण्याचा हक्क त्यात नाही, आणि पाठीमागे धावत भरवण्याचा आपला हक्कही नाही.

१९२० च्या दशकात क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी नुकतंच अंगावरचं दूध सुटलेल्या बाळांना आपलं आपण निवडून खाऊ दिलं होतं. अशी १५ मुलं होती. प्रत्येकाची निवड निराळी आणि कधीकधी विचित्र होती, तरी सगळी धडधाकट वाढली. मुलांना सगळं उपजत कळतं, असा याचा अर्थ काहीजण काढतात. मला तो अपुरा वाटतो. डेव्हिस बाईंनी मांडलेल्या सगळ्या पदार्थांत साखर घातलेलं किंवा कारखान्यातून आलेलं काहीही नव्हतं. यादी मोठ्यांनी नीट केली होती, म्हणून मुलांची निवड चालून गेली. सॅटर यांची वाटणीही तेवढ्याच अटीवर चालते.

रोजच्या जेवणात हे असं दिसतं. ताटात मुलाला नक्की आवडणारी एक गोष्ट असू दे, मग ती भात असो किंवा ब्रेड. नवी भाजी बाजूला, एका वाटाण्याएवढी. हो, एवढीशीच. ढीग बघूनच मूल घाबरतं. त्याने ती नुसती बोटाने दाबली, वास घेतला, चाटून परत ठेवली, तरी तो पुढे टाकलेला पाय समजा आणि त्यावर काही बोलू नका, शाबासकीसुद्धा नको. नवी चव पटायला साधारण आठ ते पंधरा वेळा ती समोर यावी लागते, काही मुलांना त्याहूनही जास्त. आपण तीन-चार वेळा देतो आणि ‘हिला घेवडा आवडत नाही’ असा शिक्का मारून मोकळे होतो. आठवड्यातून एकदा-दोनदा, वेगवेगळ्या रूपात, शांतपणे मांडत राहा. तुम्ही स्वतः ती भाजी मुलासमोर चवीने खाता की नाही, हेही ते बघत असतं.

एक बारीक गोष्ट, जी फारशी कुणी तपासत नाही. खुर्चीवर बसलेल्या मुलाचे पाय बघा. ते अधांतरी लोंबकळत असतील तर मूल तोल सावरण्यासाठी सतत हलतं, घसरतं आणि पाच मिनिटांत उठून पळतं. पायाखाली स्टूल किंवा खोकं ठेवा, ताट कोपराच्या उंचीवर येऊ दे. ‘एका जागी बसतच नाही’ ही तक्रार काही घरांत एवढ्यानेच अर्धी होते. वीस-पंचवीस मिनिटांनी जेवण संपलं असं समजून ताट उचला, चेहऱ्यावर नाराजी न आणता. पुढची वेळ ठरलेलीच आहे.

जेवताना पडदा, म्हणजे टीव्ही-मोबाइल, नको, हे सर्वांना ठाऊक असतं. पण कारण माहीत असलं तर पाळणं सोपं जातं: पडद्यात गुंतलेल्या मुलाला पोट भरल्याची खूण कळत नाही. कमी खाणारं मूल त्यामुळे यंत्रासारखं तोंड उघडतं आणि जास्त खाणारं मूल थांबत नाही. दोघांचंही भूक ओळखण्याचं अंगचं शहाणपण बोथट होतं.

‘खेळायला जातच नाही’

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारी, म्हणजे उड्या, चढणं, लोंबकळणं अशी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलं. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी आकडा आणखी मोठा आहे: दिवसभरात १८० मिनिटं हालचाल, त्यातली ६० मिनिटं जोराची. हे आकडे ऐकून पालक एखादा वर्ग लावतात. वर्ग आठवड्यातून दोनदा असतो, त्यात निम्मा वेळ रांगेत उभं राहण्यात जातो आणि परीक्षेच्या दिवसांत तो सुटतो. मग हालचालही सुटते.

लहान मुलं मोठ्यांसारखा सलग व्यायाम करतच नाहीत. ती धावतात, थांबतात, पुन्हा धावतात. म्हणून साठ मिनिटं दिवसभरात दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत आली तरी चालतात: शाळेत चालत जाणं, जिने चढणं, गाणं लावून नाचणं, उशांवरून उड्या. आणि सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दाराबाहेर काढणं. घराबाहेर असलेलं मूल आपोआप जास्त हलतं, त्याला शिकवावं लागत नाही. दिवसाउजेडी बाहेर राहिल्याने डोळ्यांना लांबचा नंबर लागण्याचा धोकाही कमी होतो.

अडतं ते पडद्यावरून उठताना. मूल एकदा पडद्यापुढे बसलं की ‘चल खेळायला’ ही हाक शिक्षा वाटते. म्हणून क्रम उलटा करा: घरी आलं की थोडं खाणं, मग लगेच बाहेर, आणि पडदा असेलच तर खेळून आल्यावर, ठरलेला वेळ. खेळ रात्रीच्या जेवणाआधी बसवला तर त्याचा दुहेरी फायदा होतो. दमून आलेलं मूल जे समोर येईल ते खातं आणि लवकर झोपतं. झोप नीट झालेल्या मुलाला सकाळी भूक लागते. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची धरून १० ते १३ तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. ती कमी पडली की गोडाची ओढ वाढते आणि हालचालीचा कंटाळा येतो.

मोठ्या मुलांचं दुखणं वेगळं. जगभरातल्या शाळकरी किशोरवयीनांपैकी ८० टक्क्यांहून जास्त मुलं पुरेशी हालचाल करत नाहीत, २०१६ च्या आकडेवारीत मुलींचं प्रमाण ८५ टक्के आणि मुलग्यांचं ७८ टक्के होतं. या वयात बरीच मुलं खेळ सोडतात ती लाजेपायी: आपण हळू धावतो, आपलं शरीर बदलतंय, कुणी हसेल. त्यांच्यावर स्पर्धा लादू नका. सायकल, पोहणं, नाच, डोंगर चढणं, एखाद्या मित्राबरोबर चालणं, जे मनापासून करतील ते चालेल. आणि वजनावरून एक शब्दही नको. ‘जाडी’ हा शब्द लाडानेसुद्धा नको, व्यायाम ही शिक्षा म्हणूनही नको. वजनाबद्दल सतत ऐकणारी मुलं लपून खाऊ लागतात, जेवण टाळू लागतात. वाढत्या वयातल्या मुलाला मोठ्यांच्या पद्धतीचं डाएट घरच्या घरी कधीच सुरू करू नका.

घरातली दुसरी माणसं

आजी-आजोबांनी खाऊ द्यायचाच नाही, असा नियम टिकत नाही आणि तो असूही नये. फक्त वेळ ठरवून घ्या: खाऊ चारच्या खाण्यातच, सर्वांबरोबर, बक्षीस म्हणून नाही आणि लपवूनही नाही. पूर्ण बंदी घातलेल्या गोष्टीवर मुलं संधी मिळताच तुटून पडतात. वाढदिवसाला, पाहुण्यांकडे पोटभर खाऊ दे. पुढचं जेवण नेहमीच्या वेळी.

आजारपण, सुट्टी, प्रवास यांनंतर

पुन्हा मागचे पाढे सुरू होतात ते बहुतेक इथून. ताप येतो, आठवडाभर मूल दूध-बिस्किटांवर राहतं, मोबाइल हातात असतो, आणि ते बरोबरच असतं, कारण आजारी मुलाकडून दुसरी अपेक्षा करायची नसते. घोटाळा नंतर होतो. ताप उतरला तरी आजारपणातली व्यवस्था तशीच चालू राहते, आणि मग एक दिवस वैतागून सगळे नियम एकदम परत लावले जातात. ते टिकत नाहीत.

परत येताना तीन टप्पे धरा. पहिल्या टप्प्यात फक्त झोपेची आणि खाण्याची वेळ जागेवर आणा. ताटात मुलाच्या आवडीचंच असू दे, प्रमाणाबद्दल बोलू नका. ते बसलं की संध्याकाळचं बाहेर जाणं परत सुरू करा, सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं, तुम्ही स्वतः बरोबर. भाजी, नवा पदार्थ, पडद्याचे नियम हे सगळं त्यानंतर, एका वेळी एकच. प्रत्येक टप्प्याला चार-पाच दिवस लागले तरी लागू द्या. आजारानंतर दोन-तीन आठवड्यांत भूक पूर्ववत झाली नाही, किंवा गेलेलं वजन परत आलं नाही, तर तीन दिवसांचा नवा कागद लिहून तो डॉक्टरांकडे घेऊन जा. ‘काही खात नाही’ एवढ्यावरून त्यांना फार थोडं कळतं, त्या कागदावरून बरंच कळतं.